माहा उजवा हात मेला तवाची गोष्ट

अख्ख्या नागपुरात माह्याएवढा तपासलेला माणूस दुसरा दाखवा अन् बक्षीस घेऊन जा. इतकं तपासून माह्यात काय निघालं म्हणान, तं काहीच नाही निघालं.

फोटो काढले, रगत काढलं, लघवी नेली, सुया टोचल्या, रबराच्या हातोडीनं गुडघे ठोकले. एका डॉक्टरानं तं डोळ्यात बॅटरी मारून पाह्यली, जसा काही माहा हात डोळ्यामांगं लपून बसला होता. सगळ्यायचं एकच. काही नाही. अन् इकडं माहा उजवा हात खांद्यापासून असा लोंबे, जसं मांडवाले पडवळ लोंबते. पैजाम्याची नाडी बांधाले बायको लागे. लगनाले इतके वर्ष झाल्यावर बायको सकाळी सकाळी नवऱ्याची नाडी बांधून राह्यली, याच्यात मजाक करासारखं लय हाय, अन् मी केला बी. ती नाही हासली.

मी विणकर. नागपुरातल्या महाल भागाच्या पलीकडं आमची कोष्ट्यायची वस्ती. तवा गल्लीत पॉवरलूमचा आवाज नवा नवा सुरू झाला होता, पण आमच्या घरात हातमागच होता, खड्ड्याचा. खड्ड्यात पाय सोडून बसाचं, पायानं पावड्या दाबाच्या, उजव्या हातानं दोरी ओढाची का धोटा इकडून तिकडं पळते, अन् डाव्या हातानं फणी ठोकाची. दिवसभर हेच. शाळा मी फक्त बाहेरून पाह्यली. भीत चांगली होती, मजबूत. बायको रहाटावर बसून सुताच्या कांड्या भरून देये, मी त्या धोट्यात घालून विणो. देवानं एकच पोट्टी देल्ली होती.

गल्लीत माही ओळख म्हणजे हासवणारा. कोणाचं लगन असो, बारसं असो, मले बलावत. मयत झाली तरी मले बलावत. रडून रडून थकलेल्या मानसाजवळ मले बसवून देत, का दोन घटका त्याचा जीव रमते. मी कोणाच्या मेलेल्या बापाची नक्कल करो, तो कसा खोकलत तमाखू मळे ते दाखवो, अन् पोरगा रडता रडता हासे. मले वाटे, आपल्यासारखा मयतीले उपयोगी माणूस नाही.

पोट्टीले उमरेडले देल्ली होती, विणकराच्याच घरी. पहिलटकरीण होती. आमच्यात सातव्या महिन्यात माहेरचं हिरवं लुगडं नेसवून वटी भरते. मी चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं का मी दुकानातलं लुगडं नेणार नाही, माह्या हातानं विणीन. सूत देऊन विणून घेणाऱ्या शेठचं काम बाजूले ठेवलं, घरचा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवला. हिरवं अंग, लाल रेशमाचा काठ.

बायको म्हणे, "अवो, शेठचा माल आधी उतरवा. लुगडं बजारात बी भेटते."

मी म्हणलं, "बजारातलं नेसून तुही पोरगी बजारातल्यासारखी दिसन वं. बापानं विणलेलं नेसली का राणी दिसन."

अर्धं लुगडं झालं होतं, तवा उमरेडचा माणूस दारात येऊन उभा राह्यला. त्याच्या तोंडावरूनच समजलं. पोट्टीच्या अंगावर सूज आली होती, मंग झटके आले, अन् दवाखान्यात नेता नेता गेली. पोटातलं बी गेलं.

आता सवाष्ण मेली का तिच्या अंगावरचं आखरी लुगडं माहेरचं असते. हे बी आमच्यातच. अन् माहेरचं लुगडं मागावर अर्धं पडून. अर्धं लुगडं ना जित्त्याले नेसवता येत, ना मेलेल्याले. उमरेडले जाले आमचा रिक्षा बस अड्ड्याकडं चालला होता. बायकोनं इतवारीत एका दुकानासमोर तो थांबवला, उतरली अन् हिरवं लुगडं घेऊन आली. मिलचं होतं. मी रिक्षातच बसून राह्यलो.

तिथी उमरेडले पोट्टीची आजेसासू होती. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, पण जलमभर सुतातच गेलेली. पोट्टीले नेसवाच्या आधी तिनं लुगड्याचा पदर बोटायमधी धरून चोळला अन् म्हणाली, "हे मिलचं हाय वं." टोमणा नोता तो. बोटायची सवय होती, तोंडातून निघून गेलं. पण सारे लोक माह्याकडं पाहाले लागले. अन् माह्या तोंडालेही सवय होती. मी म्हणलं, "आजी, घरच्या मालाची ग्यारंटी नाही राह्यली आता."

कोणी हासलं नाही. मी आतापर्यंत किती मजाक केले असतीन, तेवढा एकच असा हाय का मले तो अजून ऐकू येते.

तेरवी झाली. घरी आलो. सकाळी खड्ड्यात पाय सोडून बसलो. म्हणलं, हे लुगडं उतरवल्याबिगर शेठचा ताणा चढत नाही अन् चूल बी चालत नाही. पावडी दाबली, दबली. डावा हात फणीवर ठेवला, बसला. उजव्या हाताले म्हणलं, दोरी धर. तो नाही उठला. जिथी मांडीवर होता तिथीच पडून राह्यला, जसा दुसऱ्या कोणाचा हात माह्या मांडीवर कोणी ठेवून गेलं असन.

"अवं," मी बायकोले हाक मारली, "माहा हात उठून नाही राह्यला."

"झोपीत दबला असन."

"अवं, खरंच नाही उठत."

"लय झाली तुमची नक्कल. कांडी भरून ठेवली हाय, विणा."

तिनं येऊन हात उचलला अन् सोडला. तो मागाच्या लाकडावर आपटला. तिनं अजून उचलला, अजून सोडला. मंग तिचं तोंड बदललं.

पण गल्लीचं नाही बदललं. जलमभर नक्कल केलेल्या मानसाचा हाच धंदा हाय, त्याचा हात खरा मेला तरी लोक म्हणते, वा, काय करते पट्ठ्या! पानवाला म्हणे, "आता लंगड्याची बी करून दाखव." एकानं पाहासाठी जळती बिडी लावली तळहाताले. मले चटका नाही लागला. वास मातर आला, माह्याच चामड्याचा. तवा कुठी दोन-चार जण मांगं सरले.

मंग गल्लीतले बुढे बसले. आता आमच्या लोकायले एक गोष्ट पक्की ठाऊक हाय, कापड बिघडलं का मानसाकडं नाही पाहाचं, मागाकडं पाहाचं. तर त्यायनं माग तपासला. एकानं दोरी बदलली. एकानं धोट्याच्या वाटीले तेल देल्लं. फणी काढून उन्हात धरून पाह्यली, तिचा एक दात वाकडा होता म्हणून सरळ केला. मागाले लिंबू-मिरची बांधली. जुना विणकर होता एक, त्यानं खड्ड्यात उतरून पावड्या दाबून पाह्यल्या, पण लुगड्याले हात नाही लावला. पोट्टीचं हाय म्हणे, दुसऱ्यानं नाही विणाचं. वर येऊन म्हणे, "आता माग निरा फर्स्टक्लास हाय. बस."

मी बसलो. माग फर्स्टक्लास होता. हात तसाच.

तवा कोणीतरी म्हणलं, "तं मंग लुगडं कापून टाक गा, अन् शेठचा ताणा घे. डाव्या हातानं, कसा बी." मी म्हणलं, "कापलं असतं, पण कापाले उजवा हात लागते." सारे हासले. डाव्या हातानं कैची धरता येत होती मले. ते सगळ्यायले ठाऊक होतं.

मोठ्या दवाखान्यात गेलो. सांगतलंच तुमाले, काय काय झालं. शेवटी डॉक्टर म्हणे, काही नाही. मी म्हणलं, "साहेब, काहीच नाही तं उचलून दाखवा." त्यानं माहा हात उचलून दाखवला. तो तं कोणी बी उचले.

"काही नाही" हे गल्लीत येऊन पोचलं अन् माही इज्जत गेली. लकवा मारला असता तं लोकायनं सलाम केला असता. काहीच नाही म्हणजे कामचोर. माहा साळा महिना महिना फिरकेना. बायको संत्रा मार्केटले लागली, फळं निवडाचं अन् पेट्या भराचं काम. संध्याकाळी आली का तिच्या बोटायले संत्र्याच्या सालीचा वास येये, अन् नखं पिवळे. त्याच पिवळ्या बोटानं ती माह्यासाठी भात कालवून ठेवे, का मले डाव्या हातानं खाता यावा. मी भिताडाले टेकून बसलेला राहो. मागावर जुनं धोतर झाकून ठेवलं होतं. खाली हिरवं लुगडं तसंच.

मंग मले एक सुईवाला डॉक्टर भेटला. डॉक्टर नोताच तो, पण तवा मले तोच एक डॉक्टर वाटला, काहून का बाकीचे नुसते पाहत, हा टोचे. जो टोचत नाही तो डॉक्टर कायचा? तो म्हणे, "जिथी रोग तिथी सुई." अन् त्याच मेलेल्या दंडात सुया देत गेला. पाण्यात उकळत होता का नाही, देव जाणे. काही दिवसानं दंडावर गळू आलं. लाल, गरम, लिंबाएवढं.

मले इतका आनंद झाला का काय सांगू. आतापर्यंत माह्यात काहीच नोतं, आता माह्यात काहीतरी होतं! सदऱ्याची बाही वर करून मी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. ज्यायनं कामचोर म्हणलं त्यायच्या दारात जाऊन उभा राह्यलो. "पाहा, हात लावून पाहा, गरम हाय का नाही?" बायका च् च् करत. पानवाल्यानं फुकट पान देल्लं. साळा आला, केळं घेऊन आला, अन् बाजूले बसून म्हणे, "भाऊजी, आमाले काय माहीत तुमाले खरंच आजार हाय." मले ताप भरला होता, डोळ्यापुढं अंधारी येत होती, अन् मी राजासारखा केळं खात होतो.

बायको संध्याकाळी आली. तिनं दंड पाह्यला अन् केळाचे सालटं पाह्यले. म्हणे, "उठा." अन् मोहल्ल्यातल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथी डॉक्टरीणबाई होती, पुण्याकडची, जरा कडक. तिनं गळू कापलं, पू काढला, पट्टी बांधली. रोज पट्टी बदलाले जा लागे. सडला असता तं हात कापा लागला असता, असं ती म्हणे. गळू बरं झालं. पट्टी सुटली तो दिवस माह्यासाठी लय वाईट. गळू गेलं अन् हात तसाच, मी अजून तोच, ज्याच्यात काही नाही.

बाई म्हणाली, "आता हात वर करा."

"नाही होत, बाई."

"कधीपासून?"

मी सांगतलं. तेरवीपासून, असं म्हणलं असन, ते तिनं ऐकलं. कोणाची तेरवी, तिनं विचारलं. मी सांगतलं. ती लिहिता लिहिता थांबली अन् म्हणाली, "बुधवारी या. बुधवारी इथे एक डॉक्टर बसतात, त्यांना दाखवू."

बुधवारचा डॉक्टर कोण, हे सगळ्या मोहल्ल्याले ठाऊक होतं. मोठ्या दवाखान्यातून येये, मांगच्या खोलीत बसे. त्याच्या बाकावर बसणं म्हणजे पागलखान्याच्या लायनीत लागणं. मी म्हणलं, "बाई, मी पागल नाही. माहा हात पागल हाय."

ती म्हणाली, "हाताला एकट्याला पाठवता येत असेल तर हातालाच पाठवा."

मले तिचा राग आला. माह्यापेक्षा चांगला मजाक केला तिनं.

बुधवारी गेलो. बाकावर आणखी दोन-तीन जण होते. एका बाईच्या पोटात आग होये, सगळे दवाखाने फिरली होती, तिच्यातही काहीच निघालं नोतं. कोळशाच्या धंद्यातला एक गडी होता कोराडीचा, त्याले वाटे छातीत धडधड बंद पडून राह्यली. सारे एकमेकाकडं पाठ करून बसलेले. मी तं पट्टी नसूनही दंडाले फडकं बांधून गेलतो, का पाहणाऱ्याले वाटावं, जखम हाय.

डॉक्टर साधा होता. जाड चष्मा, सदऱ्यावर शाईचा डाग. मी विचार केला, याले बोलूच देयाचं नाही. बसलो तसं सुरू केलं. नाडीची गोष्ट सांगतली, गळवाची, बिडीची, हात कसा पडवळासारखा. त्याले हासू आलं. चष्मा काढून डोळे पुसले त्यानं. मी खूश. म्हणलं, याले जिंकला. पुढच्या बुधवारी तसंच, त्याच्या पुढच्या बी. तो हासे, थोडं विचारे, मी आणखी एक गोष्ट काढो. एकदा त्यानं विचारलं, "घरी बायकोचं कसं चाललंय?" मी म्हणलं, "तिचं मस्त हाय साहेब. लोखंडाची हाय. तिले काहीच दुखत नाही."

त्यानं म्हणलं, "एकदा घेऊन या त्यांना." मी घरी सांगतलं. ती म्हणे, "मले काय झालं का मी येऊ? अन् मार्केटची हजेरी कोण भरन?" मी जाऊन सांगतलं, पाहा, म्हणलं होतं नं.

मंग एक दिवस पकडलो गेलो. बाहेर कंपाउंडरनं मले पाणी देल्लं, लोट्यात. लोटा बाकाच्या कोपऱ्यावर ठेवला. त्या पोटात आग होणाऱ्या बाईचा पदर लागला अन् लोटा कलंडला. अन् माह्या उजव्या हातानं तो धरला. मी नाही धरला, हातानं धरला. अलगद. थेंब नाही सांडला.

कंपाउंडर वरडला, "पकडला! अरे बाप्पा, पकडला चोर!"

सारा दवाखाना जमा झाला. "नाटक करते!" "बायकोले संत्र्यायच्या पेट्या उचलाले लावून हा इथी बसते!" मी लोट्याकडं पाह्यलं. हात दिसला लोट्याभोवती, अन् जसा दिसला तसा तो सुटून पडला, लोटा बी पडला, पाणी सारं पायावर. मले वाटलं धरती फाटावी. म्हणजे खरंच मी चोर होतो का? मलेच ठाऊक नोतं. लोक नक्कल म्हणत, तं मंग मी स्वतःचीच नक्कल करून राह्यलो होतो का काय? इतका भेव मले बिडीच्या वासाचाही नोता वाटला.

डॉक्टर बाहेर आला. कंपाउंडरनं सगळं सांगतलं, हसत हसत. डॉक्टर नाही हासला. म्हणाला, "हा माणूस खोटं बोलत नाही."

"साहेब, आमी डोळ्यानं पाह्यलं..."

"मीही तपासलंय. हात धड आहे, हे खरं. आणि त्याला तो उचलता येत नाही, हेही खरं. दोन्ही खरं आहे. आता गर्दी कमी करा."

इतके दिवस मले कोणी गळू नसताना खरं म्हणलं नोतं.

आत नेऊन त्यानं मले बसवलं. मी लगेच सुरू केलं, "साहेब, चोरी तं पकडली, आता जेल कुठली?" तो नाही हासला. त्यानं विचारलं, "तुमच्या मागावर सध्या काय आहे?"

"लुगडं."

"कोणाचं?"

"पोरीचं. ती नाही राह्यली पण तिचं लुगडं राह्यलं. पोरीले सांगत होतो, घाई नको करू बाप्पा, बापाचा हात जरा हळू हाय..."

अशी सुरुवात केली होती. मले आठवते का पुढं हासण्यासारखं होतं काहीतरी. ते आलंच नाही. उमरेडची आजी आली, तिचे बोटं आले, मिलचं लुगडं आलं, अन् माहा तो ग्यारंटीचा मजाक आला, सगळा, जसाच्या तसा, अन् तो सांगता सांगता मी असा वरडलो का कंपाउंडरनं दार उघडून पाह्यलं. डॉक्टरनं हातानंच त्याले जा म्हणलं. माही पाठ नाही थोपटली, रडू नका बी नाही म्हणाला. बसून राह्यला. बाहेरची लायन थांबली होती, बाया कुरकुर करत होत्या, ते मले ऐकू येत होतं अन् मले थांबता येत नोतं. नाकातून, तोंडातून सारं. सदऱ्याची बाही, खिसा, सारं भरलं. इतका वंगाळ रडलेला माणूस मी दुसरा नाही पाह्यला.

मले वाटलं, आता हात उठन. नाही उठला.

मंग त्यानं अन् डॉक्टरीणबाईनं मिळून माह्यासाठी जे औषध काढलं, ते ऐकून मी म्हणलं, हे दोघं पागल हायत. सुई नाही. नवा फोटो नाही. दुसऱ्या कोण्या डॉक्टरकडं जायाचं नाही. दर सोमवारी बाईकडं याचं, हात दुखो का नको, बरं असो का नसो. बाई आधी हाताचं विचारणारच नाही. "मंग कायचं विचारणार?" मी म्हणलं. ती म्हणाली, "जेवलात का, झोपलात का, कोणाशी भांडलात का." सोमवार चुकवला तं शनवारी गळू आलं तरी पाहणार नाही म्हणे. आधी तं मी सोमवारी काहीतरी दुखणं घेऊन जाओ, रिकाम्या हातानं कसं जाचं म्हणून. मान धरली, पाय मुरगळला. ती पाहे, हं म्हणे, अन् विचारे, "जेवलात का?" हळूहळू मान दुखाची बंद झाली. तिथी दुखून मानेचा काही फायदाच नोता.

अन् घरी काम देल्लं. उजव्या हातानं रहाट फिरवाचा, बायकोचा, कांड्या भराचा. डाव्या हातानं उजवा उचलून मुठीवर ठेवाचा अन् जेवढा फिरन तेवढा.

आमच्यात रहाट बाई फिरवते. गडी ओसरीवर बसून रहाट फिरवून राह्यला, हे आमच्या गल्लीनं पह्यल्यांदा पाह्यलं. पॉवरलूमचे पोट्टे जाता जाता म्हणत, "काकू, चहा झाला का?" मी म्हणो, "झाला रे, तुह्या सासऱ्याले पाठव." पण हात फिरे. आधी नुसता मुठीसंगं वढला जाये. मंग एक दिवस मूठ धरली त्यानं. मंग अर्धा फेरा. सुतात गाठी पडत, कांडी ढिली भरल्या जाये, बायको संध्याकाळी येऊन सारी उकलून पुन्हा भरे.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. खांद्याच्या वर हात आजबी जात नाही, टोपी डाव्या हातानंच घालतो. पण दोरी ओढण्यापुरता आला. मागावरचं धोतर काढलं. लुगड्यावर धूळ बसली होती, एका ठिकाणी उंदरानं काठ कुरतडला होता. मी विणलं. रोज थोडं. कोणाले वाटन मस्त झालं असन. निरा भंगार झालं. पहिलं अर्धं सरळ, दुसरं अर्धं झोलदार, काठ असा वाकडा जसा दारुड्या चालला. जिथी हात मेला तिथी एक आडवी पट्टी दिसे, आंधळ्याले बी बोटानं समजली असती.

उतरवलं त्या दिवशी संध्याकाळी मी ते खांद्यावर टाकून ओसरीवर बसलो. गल्ली जमली. अन् मले काय झालं, माही जीभ सुटली. मी सांगाले लागलो, डॉक्टरनं काय सांगतलं ते. का हा आजार कोणाले बी नाही होत. ज्याची माया जबर त्यालेच होते. पोरं सगळ्यायचेच मरते, लोक छाती पिटते, जेवाले बसते. माह्यासारखा बाप एखादाच, ज्याचा हातच मेला. डॉक्टरनं असं काही म्हणलं नोतं. पण लोक ऐकून राह्यले होते, पानवाल्याचे डोळे ओले झाले होते, कंपाउंडर बी आलता, तो मान हलवत होता. साळा म्हणे, "भाऊजी, असा बाप नाही पाह्यला." मी लुगड्याचा पदर धरून ती आडवी पट्टी दाखवली, "पाहा, हे पाहा, इथी बाप मेला होता."

तेवढ्यात बायको आली मार्केटहून. डोक्यावर चुंबळ तशीच. गर्दीच्या मांगं उभी राहून तिनं ऐकलं, किती ऐकलं ठाऊक नाही. मंग लोकायले बाजूले सारत पुढं आली, माह्या खांद्यावरचं लुगडं ओढून घेतलं अन् तिथीच उभ्या उभ्या त्याची घडी केली, बारीक, पट्टी आत गेली अशी.

म्हणाली, "माग खाली झाला नं? मंग उद्या शेठचा ताणा घ्या."

मी म्हणलं, "अवं, मी यायले सांगून राह्यलो होतो, पोरीच्या मायेनं कसा हात..."

"पोरगी माही बी होती," ती म्हणाली. "माहे दोन्ही हात चालत राह्यले, काहून का तुमाले दोन टाइम जेवाले लागे."